आधीचा फोटो आणि नंतरचा

सदा, तुझा फोटो भगताच्या देव्हाऱ्यात लागला होता. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं. मोठा करून, काचेत घालून, हार चढवून. तू मेल्याला महिनाही झाला नव्हता. आपल्या कार्तिए मिलितेर गावातली अर्धी वस्ती चपला काढून तुझं भूत बघून आली आणि बाहेर येऊन कुजबुजली, की शेवटी सदाने हात जोडले.

मला शिसारी आली. दुसरा शब्द नाही. माणूस गेल्यावर वाईट वाटावं, रडू यावं. मला तुझं नाव ऐकलं की तोंडात कडू पाणी यायचं, आणि त्याबद्दल मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही.

तुझ्या मागे खूप काही करायचं होतं आणि ते मी केलं. खुर्च्या कुठून, ताडपत्री कोणाची, भटजींना कोण आणणार, चहाला दूध किती. माझ्या याद्यांवर तू आयुष्यभर हसलास. "कौसी वर गेली तरी यमाला म्हणेल, आधी नावं वर्णानुक्रमाने लावा." तुझ्या अंत्ययात्रेच्या दिवशी त्याच याद्यांनी मला उभं ठेवलं. अंगणात सगळे तुझ्या ताटीभोवती फोटोला उभे राहिले, तेव्हा मी आत कप मोजत होते. म्हणून त्या फोटोत मी नाही. बरं झालं.

तो फोटो काढला तुझ्या भाच्याने, अशोकने. आपल्याकडे रीतच आहे. घरातलं कोणी परदेशी असलं आणि येऊ शकलं नाही, तर शेवटचं दर्शन फोटोतून पाठवायचं. तुझा भाऊ तिकडे इंग्लंडमध्ये इस्पितळात रात्रपाळ्या करतो, तो कसा येणार? कॅमेराही त्यानेच पाठवलेला. सगळ्या नातलगांत मिळून तो एकच कॅमेरा, आज या घरी बारसं, उद्या त्या घरी लग्न. फोटो छापून आले आणि त्यातल्या एकात, व्हरांड्याच्या काळोख्या दाराशी, पांढऱ्या सदऱ्यातला तू उभा. अंगातून दाराच्या फळ्या दिसतायत. खाली ताटीवर फुलांखाली तूच झोपलेला. आणि तुझे हात जोडलेले, नेमके भगताच्या दिशेने, कारण तो ताटीशेजारी उपरणं सावरत उभा होता.

तुला आठवत असेलच, त्याने तुला काय सांगितलं होतं. पण मला ते पुन्हा सांगू दे. तुझ्याशी बोलायची माझी हीच पद्धत आहे, सुरुवातीपासून.

आपलं हे भुतांचं खूळ तुझ्या शाळेत सुरू झालं. तू तिथे विज्ञान शिकवायचास. कोणीतरी तुला एक जुनं इंग्रजी मासिक दिलं होतं, त्यात जगातल्या नावाजलेल्या भुतांचे फोटो होते. जिन्यावरून उतरणारी धूसर बाई, देवळाच्या वेदीशी उभा उंच जोगी, गाडीच्या मागच्या सीटवर बसलेली मेलेली सासू. मुलं घाबरली होती. तू मला शनिवारी बोलावून घेतलंस, प्रयोगशाळेच्या कपाटासमोर उभं केलंस, कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवलीस आणि म्हणालास, "आता चालू लाग." मी चालत बाहेर गेले. फोटोत मी होते आणि माझ्या पोटातून कपाटातल्या बाटल्या दिसत होत्या. मुलं हसून हसून बाकांखाली गेली. तू हौसेने तो फोटो घरी दाखवलास, तर आत्याने, तुझ्या आईने, तुला लाटणं फेकून मारलं. "जित्या पोरीचं भूत करतंस? लाज नाय?" तो फोटो तिने चुलीत घातला.

त्याच वेळी तू नियम केलास, आणि तो मी आजही पाळते: एकटा फोटो बघायचा नाही. त्याच्या आधीचा मागायचा आणि नंतरचा मागायचा. खोटं बोलणारे एकच फोटो दाखवतात.

सूयाकच्या किनाऱ्यावरची पांढरी बाई त्याच नियमाने निकालात निघाली. तिकडच्या खडकांवर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ती धुरकट बाई, तिची कार्डं बाजारात विकली जायची, लोक पाकिटात ठेवायचे, कोळी होडीला चिकटवायचे. कोणी म्हणे बुडालेल्या गोऱ्या साहेबाची बायको, कोणी म्हणे मळ्यातून पळालेली गुलाम. आपण बस बदलत बदलत तिथवर गेलो आणि ज्याने फोटो काढला त्या स्टुडिओवाल्याला गाठलं. तू त्याच्याशी इतका गोड बोललास की त्याने निगेटिव्हची अख्खी पट्टी काढून दिली. नंतरच्या फोटोत तीच बाई त्याच खडकावर बसून मिरची लावलेला अननस खात होती. संध्याकाळी झडप जास्त वेळ उघडी राहिली, ती मध्येच चालू लागली, संपलं. स्टुडिओवाला म्हणाला, "मोस्ये, मी कधी कोणाला भूत म्हणालोच नाही. लोक म्हणाले, मी छापलं." ते ऐकूनही मला अशीच शिसारी आली होती. तू मात्र परतीच्या वाटेवर अननस खाल्लास.

आणि मग भगत. आपल्याच वस्तीतला, आपलंच रक्त. लोकांच्या अंगातली भुतं काढायचा आणि बाहेर पडलेल्या भुताचा फोटो काढून द्यायचा, पुरावा म्हणून. फोटोत रोग्याच्या डोक्यावर एक पांढरा लोळ. लोक तो घरी नेऊन पुरायचे. तू बैठकेत, सगळ्या गावासमोर, त्याचाच कॅमेरा मागून घेतलास, एका रिकाम्या खुर्चीसमोर लोबान पेटवलास आणि फ्लॅश मारलास. पुढच्या आठवड्यात फोटो आला. रिकाम्या खुर्चीवर भलंमोठं भूत. तू म्हणालास, "खुर्चीला झपाटलंय, हिचं काहीतरी करा." लोक इतके हसले की भगताला मागच्या दाराने जावं लागलं. जाताना तो तुझ्यापुढे थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "सदा, एक दिवस तू माझ्यापुढे हात जोडशील."

तू हसलास. मीही हसले. गावाने मात्र ते वाक्य सांभाळून ठेवलं.

अशोकने फोटो आणले त्या दिवशी भगत तुमच्या व्हरांड्यातच होता, सांत्वनाला म्हणून रोज येऊन बसायचा. त्याने गठ्ठा चाळला, तो एक उचलला. फक्त तो आत्याच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. त्याला काही बोलायची गरजच नव्हती. हेच मला सगळ्यात किळसवाणं वाटतं, सदा. खोटंसुद्धा त्याने स्वतः केलं नाही. आयतं मिळालं.

बाकीचं त्याने दोन दिवसांनी सांगितलं. तुझ्या जिवाला सुटका नाही. देवाधर्माची थट्टा केलीस, म्हणून अडकलास. आपल्या अंगणात उभा राहून आपलीच ताटी बघत होतास. तू माफी मागतोयस, पण ती पोचायला विधी लागेल, आणि तोवर फोटो त्याच्याकडे राहू दे.

मला हे कळायला वेळ लागला, कारण मी पोर्ट लुईला ऑफिसात परत जायला लागले होते. रविवारी तुमच्याकडे गेले तर आत्या चुलीपुढे बसलेली, केस न विंचरलेले. घरात स्वयंपाक एकाचा, ताटं दोन. दुसरं व्हरांड्याच्या त्या दाराशी. मी विचारलं तर म्हणाली, "तो हितं उभा असतो गो. पाय दुखत असतील."

मला तांतिन, म्हणजे मावशी, म्हणणाऱ्या अशोकने सगळं सांगितलं. मी त्याला म्हटलं, बाकीचे फोटो कुठे आहेत? तो म्हणाला, "ते बिघडले तांतिन, काही दिसत नाही त्यात, सगळी गिचमिड." मी म्हटलं, गिचमिडच आण. आणि पट्टी आण.

सदा, तू असतास तर लोळून हसला असतास. आधीच्या फोटोत शेजारच्या म्हाताऱ्याच्या खांद्यातून ढोलकी निघाली होती. नंतरच्या फोटोत तुझ्या ताटीवर, बरोबर छातीवर, गणपती बसला होता. सोंडेसकट, मोदकासकट. मी अशोकच्या स्वयंपाकघरात उभी राहून तो फोटो धरला आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. अशोकची बायको घाबरून पाणी घेऊन आली.

पुढचं तुला सांगायला नको, पण मला सांगायचंय. एक कॅमेरा आणि इतकी घरं, त्यामुळे आपल्याकडे कोणाचाच रोल एका दमात संपत नाही. अर्धा झाला की उलटा गुंडाळून काढायचा, फिल्मची जीभ बाहेर ठेवायची, आणि कॅमेरा पुढच्या घरी द्यायचा. कॅमेरा परत आला की तोच अर्धा रोल पुन्हा घालायचा, भिंगावर टोपी लावून आधीच्या फोटोंइतक्या वेळा रिकामी कळ दाबायची, आणि पुढे चालू. ही युक्ती तुझीच. किती झाले ते चिठ्ठीवर लिहून डबीला चिकटवायचं, ही माझी. जगात दुसरीकडे कुठे माणसं असला उद्योग करत असतील असं मला वाटत नाही. तू गेलास त्या दिवशी अशोकने रडत रडत फ्रिजच्या दारातला रोल घेतला. ओलाव्याने चिठ्ठी गळून पडलेली. त्याला वाटलं, नवा आहे, म्हणून पहिल्यापासून काढत गेला, आणि एका फोटोवर दुसरा बसला. तो तुमचा गणपतीचा रोल होता, विसर्जनाच्या दिवशीचा. नदीकाठी शेवटची आरती चाललेली आणि तू पांढऱ्या सदऱ्यात, हात जोडून. देवावर तुझा विश्वास नव्हता, पण आरतीला तू हात जोडायचास, कारण आत्या शेजारी उभी असायची. काळोख्या दारावर पांढऱ्या सदऱ्यातला तू तेवढा उमटलास, बाकी सगळं विरून गेलं.

म्हणजे मला कळलं होतं. आता सांगायचं कोणाला, हा प्रश्न होता, आणि इथे तू माझ्या आडवा आलास.

लॉंग माउंटनची ती आई. तिची मुलगी तापाने गेली होती आणि नंतरच्या वर्षी घरातल्या लग्नाच्या फोटोत खिडकीच्या काचेत तिचा चेहरा दिसला, रिबिनीसकट. तिने स्वतःहून आपल्याला बोलावलं, कारण शेजारी तिला वेडी म्हणत होते. पाकिटातून पट्टी काढून तूच उजेडाला धरलीस. आधीच्या फोटोत शेजाऱ्यांची मुलगी तीच रिबीन बांधून अंगणात उभी होती. काचेत तिचंच प्रतिबिंब. तू ते पाहिलंस, मी तुझ्या खांद्यावरून पाहिलं. आणि तू पट्टी पाकिटात परत घातलीस आणि म्हणालास, "फोटो छान आलाय, बाई. जपून ठेवा."

परतीच्या बसमध्ये आपण भांडलो. तू थांब्यावर गातो पिमाँ घेतले होतेस, ते डाळीचे तिखट वडे, आणि माझ्यापुढे कागद धरून बसलास. मी एकाला हात लावला नाही. मी तुला म्हटलं की तू भित्रा आहेस. भगताला गावासमोर नागडं करतोस, आणि एका बाईला खरं सांगायला तुझी जीभ वळत नाही. म्हणजे खरं हे फक्त शत्रूंना मारायला ठेवलंय का? तू खिडकीबाहेरच्या उसाकडे वळलास. मग म्हणालास, "भगताचा फोटो आणि त्या आईचा फोटो हे दोन वेगळे फोटो आहेत, कौसी." मी म्हटलं, कॅमेऱ्याला काही वेगळं कळत नाही. पुढची माणसं वळून बघायला लागली, तेव्हा आपण गप्प झालो. तो वाद तसाच राहिला. नंतर दर दिवाळीला कोणीतरी एक वाक्य टाकायचं आणि दुसऱ्याने विषय बदलायचा. आपल्याला वाटलं, वेळ आहे.

आणि आता तुझाच फोटो, सदा. भगताचाही तोच आणि आईचाही तोच. अख्खा आठवडा मी ऑफिसात चुकीच्या फायलीवर चुकीचे शिक्के मारले. सांगावं, तर आत्याकडून तू पुन्हा एकदा जाणार, या वेळी माझ्या हातून. न सांगावं, तर तू कायमचा त्या माणसापुढे हात जोडून उभा. शनिवारी सकाळी मी पट्टी पिशवीत घातली आणि तुमच्याकडे गेले. तू म्हणशील, कौसीने ठरवलं. खरं तर ठरवलं नव्हतं. फक्त ते दाराशी ठेवलेलं ताट मला बघवत नव्हतं.

धुकं होतं, दुधी काचेतून आल्यासारखा उजेड. आत्या मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगितलं. रोल, फ्रिज, चिठ्ठी, गणपती. गिचमिडीचे फोटो एकेक करून तिच्या मांडीवर ठेवले. ताटीवरच्या गणपतीपाशी तिचा हात थांबला. तिने तो डोळ्यांजवळ नेला.

"ह्यो आपलाच गणपती," ती म्हणाली. "ह्याचा कान तुटलेला. मीच गव्हाच्या पिठानं चिकटवला हुता."

मी हो म्हटलं.

"म्हंजे सदा तवा नदीवर हुता."

"हो आत्या. नदीवर. विसर्जनाला."

"अंगणात नव्हता?"

"नव्हता."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मला वाटलं, झालं, तिच्या लेखी मी आता कोणी उरले नाही. मग ती खाली बघतच म्हणाली, "त्यानं सोताची ताटी बघितली नाय?"

"नाही."

"आन् मी रडताना?"

"नाही आत्या. तो तिथे नव्हताच."

तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं. मी तिला इतकी वर्षं ओळखते, तिच्या खांद्यांवरून एवढं ओझं उतरताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली की तिला पहिल्यापासून समजत नव्हतं. आपल्या गावात कावळे नाहीत, पिंडाला मार्टँ शिवतो, म्हणजे साळुंकी. तुझ्या दहाव्याला पान ठेवल्याठेवल्याच मार्टँ आला होता, सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे पोरगा तृप्त गेला. मग तो दाराशी कसा उभा? भगताला विचारलं तर तो म्हणाला, पक्ष्याला काय कळतं. त्या दिवसापासून ती झोपली नव्हती. तिला तुझं भूत हवं होतं असं आपण सगळ्यांनी धरलं होतं. तिला ते नको होतं, सदा. ती फक्त तुला बसायला सांगत होती.

मग तिने तोंड धुतलं, केस विंचरले, पांढरं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल."

भगताकडे शनिवारी गर्दी असते. आत्या सरळ आत गेली, हार बाजूला सारला आणि फोटो उचलला. भगत उठला. म्हातारे, मुलाला नरकात ढकलतेस, असं काहीतरी म्हणाला. गावातली माणसं दारात उभी होती. बैठकेत हसलेली, आणि कुजबुजलेली, तीच. आत्या तिथेच वळली.

"माझा ल्योक गणपतीपुढं हात जोडून उभा हाय," ती म्हणाली. "तुझ्यापुढं नाय. तू मधी आलास."

कोणी हसलं नाही. भगत मागच्या दाराने गेलाही नाही. तो अजून तिथेच आहे, पुढच्या शनिवारी पुन्हा गर्दी असेल, आणि मला त्याची किळस येतच राहील. पण फोटो आता तुमच्या घरी आहे, आत्याच्या पेटीत, लुगड्यांखाली. बाहेर लावलाय तो ताटीवरच्या गणपतीचा. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगते, बघा, कॅमेऱ्याने कशी चूक केली. दाराशी ताट ठेवत नाही.

तू मला बघायला शिकवलंस, त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही, आता म्हणते. पण त्या बसमधल्या भांडणात तू बरोबर होतास असं मी अजून म्हणणार नाही. आणि मी बरोबर होते असंही नाही. त्या बाईला काय हवं होतं ते आपण तिच्या अंगणात उभे राहून आपसातच ठरवलं. तिला शेजारी वेडी म्हणत होते, म्हणून तिने आपल्याला बोलावलं होतं. ते पाकीट तिच्याकडेच आहे. ती ते कधी उजेडाला धरून बसली असेल का, कोण जाणे.

येत्या शनिवारी मी लॉंग माउंटनला जाणार आहे. सांगायला नाही, विचारायला. तुम्हाला आधीचा फोटो बघायचाय का, एवढंच. ती हो म्हणाली, तर तिच्याजवळ बसेन. नको म्हणाली, तर चहा पिऊन निघेन, थांब्यावर गातो पिमाँ घेईन, आणि उसातून जाताना मोठ्याने म्हणेन की सदा, जिंकलास. पुढची माणसं वळून बघतील. बघू देत.